खुले पत्र: जे.जे.च्या नव्या इमारतींत विद्यार्थ्याला खाटेजवळ जागा ठेवा

प्रति,
मा. अधिष्ठाता, ग्रँट शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर ज. जी. समूह रुग्णालये, भायखळा, मुंबई
तसेच
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: आवारातील नव्या इमारतींच्या अंतर्गत रचनेत विद्यार्थी व निवासी डॉक्टरांसाठी वॉर्डालगत जागा ठेवण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

जे.जे.च्या आवारात क्रेन दिसली की आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एका गटाचं म्हणणं, जुन्या दगडी भिंतींना कुणी हात लावायचा नाही. दुसरा गट काचेच्या चकचकीत इमारतींचे फोटो टाकतो आणि म्हणतो, बघा आता, पंचतारांकितवाल्यांना घाम फुटतो की नाही! मी कुठल्याच बाजूला 'लाइक'चा अंगठा दिलेला नाही. ज्या छताखाली बादली ठेवावी लागते त्या छताखाली पेशंट ठेवायचा नसतो, हे कळायला वारसा समिती लागत नाही. आणि भिंतीला काच लावली म्हणून नाडी जास्त नीट मोजली जाते असाही अनुभव नाही.

माझं म्हणणं साधं आहे. नव्या मजल्यांवर खाटा कुठे, मशीन कुठे, ऑक्सिजनची लाइन कुठून, लिफ्ट किती, हे सगळं आखलं जाईलच. त्या खाटेशेजारी विद्यार्थी कुठे उभा राहणार, केस कुठे बसून लिहिणार आणि रात्रपाळीची रेसिडेंट दोन वाजता पाठ कुठे टेकणार, तेही त्याच नकाशावर आखलेलं असावं. नंतर जिना सुटतो तिथे पत्रे ठोकून केलेली सोय नको.

हे मी या कॉलेजची माजी विद्यार्थिनी म्हणून लिहिते आहे, पण जुन्या आठवणींचा गहिवर म्हणून नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं तेच मुळी विद्यार्थ्याने रोग्याच्या खाटेपाशी शिकावं या हट्टातून.

त्याआधीचा एक फसलेला प्रयोग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. 1826 मध्ये मुंबईत सरकारने देशी मुलांसाठी वैद्यकीय शाळा काढली होती. डॉ. जॉन मॅकलेनन तिचे प्रमुख. शिकवणं इथल्या भाषांतून, पुस्तकंही त्यासाठी भाषांतर करून घेतलेली. सहा वर्षांत, 1832 मध्ये, ती शाळा बंद झाली. पुढे 1837 मध्ये गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा उकरून काढला आणि मुंबईतल्या डॉक्टरांच्या सोसायटीला विचारलं, इथल्या मुलांना वैद्यक शिकवायचं तर कसं शिकवायचं? उत्तर तयार करण्यात पुढाकार होता डॉ. चार्ल्स मोअरहेड यांचा. हा माणूस एडिनबरोत शिकलेला, नंतर पॅरिसला पिएर लुई यांच्या हाताखाली राहिलेला. लुई म्हणजे रोग्याच्या खाटेपाशी बसून, नोंदी ठेवून, आकडे मांडून मगच बोलणारे डॉक्टर. गुरूंची ही सवय शिष्य मुंबईला घेऊन आला.

ग्रँटसाहेबांना आपल्या योजनेची मंजुरी पाहायला मिळाली नाही. जुलै 1838 मध्ये ते पुण्याजवळ दापोडीला वारले. मुंबईकरांनी सभा घेतली, वर्गणी जमवली आणि स्मारक म्हणून पुतळ्याऐवजी कॉलेज मागितलं. दुसरीकडे जमशेटजी जीजीभॉय यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. त्या काळचे एक लाख! 3 जानेवारी 1843 रोजी पायाभरणी झाली. मे 1845 मध्ये रुग्णालय सुरू झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कॉलेजचे वर्ग. आधी खाटा आल्या, मग बाकं. दोन्ही एकाच आवारात, पायी एका मिनिटाच्या अंतरावर. मोअरहेड पहिले प्राचार्य झाले. सकाळी वॉर्डात रोगी पाहायचे आणि त्याच रोग्यांवर विद्यार्थ्यांना शिकवायचे, ही त्यांची पद्धत.

आजच्या मुलांना हे फार वेगळं वाटणार नाही, कारण सगळीकडे असंच तर असतं. पण त्या काळी पुस्तकावरून वैद्यक शिकवणं हे काही लाजिरवाणं मानलं जात नव्हतं. मोअरहेड यांनी विद्यार्थ्यांना क्लिनिकल क्लार्क आणि ड्रेसर म्हणून वॉर्डात कामाला लावलं. रोग्याचं म्हणणं उतरवून घ्यायचं, रोज काय बदललं ते लिहायचं, जखम बांधायची. 1856 मध्ये त्यांचं हिंदुस्थानातल्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक लंडनमधून निघालं, त्यातली पुष्कळशी सामग्री याच भायखळ्याच्या वॉर्डातली आहे. विलायतेतल्या डॉक्टरांनी इथला ताप, इथलं यकृत, इथला अतिसार ज्या पुस्तकातून समजून घेतला, त्याच्या मुळाशी जे.जे.तल्या केसच्या नोंदी आहेत.

आता ते विद्यार्थी कोण होते ते बघा. इंग्रजी येणारी मुलं त्या वेळी मुंबईत होती किती? एल्फिन्स्टनमधून आलेली, पारशी घरांतली, गोव्याकडून आलेली ख्रिस्ती मुलं. भाऊ दाजी लाड मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. ते तर एल्फिन्स्टनमध्ये स्वतः मास्तर होते, काठेवाड-कच्छमधल्या बालिकाहत्येवरच्या निबंधाला त्यांना बक्षीस मिळालेलं होतं, आणि हा नावाजलेला तरुण मास्तर पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर येऊन बसला. काही मुलांना सरकारकडून विद्यावेतन मिळे, काही घरच्या खर्चाने शिकत. घरी परत जाताना काय वाटत असेल याची कल्पना करून पाहा. दिवसभर मुडदा फाडून आलेला मुलगा संध्याकाळी सोवळ्याच्या घरात शिरणार. बाहेर आंघोळ, कपडे वेगळे, आणि शेजारीपाजारी कुजबुज. लग्नाच्या बाजारात या मुलांची किंमत चढली की उतरली, हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. कुणी पीएचडीला घ्यावा.

1851 मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली, आठ जणांची. तेव्हा मुंबई विद्यापीठ नव्हतं, ते 1857 मध्ये आलं. त्यामुळे या आठांच्या नावापुढे पदवी लागली ती 'ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज', म्हणजे जीजीएमसी. त्यात भाऊ दाजी होते. आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांच्या घरी 1867 मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. होझे कामिलो लिस्बोआ होते, ज्यांनी पुढे मुंबई इलाख्यातल्या गवतांवर आणि उपयुक्त वनस्पतींवर असं काम केलं की वनस्पतिशास्त्रवाले आजही त्यांचं नाव घेतात. आठ मुलांतून एवढं निघालं. आज एका वर्षाला एमबीबीएसला 250 जण येतात.

हे सगळे नुसते हुशार होते म्हणून झालं, असं मला वाटत नाही. ते एकत्र होते, आणि वॉर्डात होते. पास झाल्यावरही मोअरहेड यांनी त्यांना सुटं सोडलं नाही. कॉलेजच्या पदवीधरांची मेडिकल सोसायटी काढली, तिथे ते आपल्या केसेसवर निबंध वाचत आणि एकमेकांची हजेरी घेत. भाऊ दाजींनी पुढे महारोगावर औषध शोधायचा ध्यास घेतला, धाकटे भाऊ नारायण दाजी यांच्याबरोबर गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. खाटेशेजारी बसायची सवय लागलेल्या माणसाला ती सुटत नाही. (भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला 1975 पासून भाऊ दाजींचं नाव आहे. शाळेच्या सहली तिथे जातात. तिथून जेमतेम दोनेक किलोमीटरवर ते डॉक्टर झाले ती जागा आहे, तिथे एकही सहल येत नाही. येऊ नये हेच बरं म्हणा, ओपीडीच्या रांगेत आधीच चेंगराचेंगरी.)

या आवारात नवी इमारत येणं ही काही आजची गोष्ट नाही. प्रत्येक पिढीने इथे काहीतरी बांधलं. पेटिट घराण्याने बांधलं, बाई मोतलीबाईंच्या नावाने प्रसूतीचं रुग्णालय झालं. दर वेळी नव्या इमारतीबरोबर शिकणाऱ्यांचं जगही बदललं. बायकांचंच बघा. 1883 च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला निघाल्या, कारण इथे मुलींना डॉक्टर होण्याची वाट नव्हती. त्याच वर्षी मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली स्त्री डॉक्टरांसाठी निधी उभा करत होते, त्यातून कामा रुग्णालयाची पायाभरणी झाली आणि ग्रँट कॉलेजची दारं मुलींना उघडली. हे थोडं आधी घडलं असतं तर? असा प्रश्न मला आवाराच्या फाटकातून आत येताना दर वेळी पडायचा. आमच्या बॅचमध्ये मुली जवळजवळ अर्ध्या होत्या. लेडीज हॉस्टेलला दार आहे की नाही, त्याला आतून कडी आहे की नाही, वॉर्डाच्या मजल्यावर बाईसाठी संडास आहे की नाही, हे प्रश्न म्हणून आम्हाला इतिहासापेक्षा क्षुल्लक वाटत नाहीत.

1896 चा प्लेग आला तेव्हाची गोष्ट तर नव्या इमारती आखणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला सांगावी अशी आहे. मांडवीत प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यांनी तो ओळखला रोग्याच्या घरी जाऊन, तपासून. मग हाफकिन मुंबईत आले. त्यांना जागा मिळाली ती ग्रँट कॉलेजातली, फ्रामजी दिनशॉ पेटिट प्रयोगशाळेची. केवढी? एक खोली आणि लागून असलेला व्हरांडा. माणसं म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी डॉ. सर्व्हेयर यांच्या हातून स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. प्रयोगशाळा नंतर परळला मोठ्या जागेत गेली, आज तिथे हाफकिन संस्था आहे. पण सुरुवात त्या खोलीत झाली, कारण ती खोली जिथे असायला हवी तिथे होती. एका बाजूला वॉर्ड, दुसऱ्या बाजूला शिकवणारे आणि शिकणारे. नव्या आराखड्यात मी मागते आहे तीही खोलीच आहे, फार मोठी नाही. फक्त जागेवर हवी.

मी इंटर्न असतानाची एक रात्र सांगते. बालरोगाच्या वॉर्डात पोलादपूरकडचं एक सहा-सात वर्षांचं पोर होतं, झटके येत म्हणून दाखल केलेलं. सकाळच्या राऊंडला आई सांगत होती, औषध रोज देतो, एकही दिवस चुकवला नाही. राऊंडला दहा-बारा माणसं खाटेभोवती, पुढे सर, मग रजिस्ट्रार, मग हाऊसमन, मग आम्ही, आणि आमच्या मागे थर्ड इयरची मुलं. त्यांना पुढच्यांच्या एप्रनच्या पाठी दिसतात, पेशंट दिसत नाही. त्या गर्दीत बाई दुसरं काय बोलणार? रात्री सगळं निवल्यावर मी स्टूल ओढून खाटेजवळ बसले, ड्रिप बघत आणि केसपेपर पुरा करत. आजी जमिनीवर चटई टाकून पडली होती. ती आपण होऊन उठून बसली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरबाई, गोळी आम्ही अर्धी अर्धी देतो हो. तालुक्याला मिळत नाही. महाडला जायचं तर एसटीला पैसे लागतात." आई शेजारीच जागी होती, तिने तोंडावर पदर घेतला. मी ते लिहून घेतलं. सकाळी सरांनी वाचलं, औषध बदललं नाही, ते मिळायची सोय कशी करायची ते बघितलं. सोशल वर्करला बोलावलं.

हे मी शिकवणीत कधीच शिकले नसते. आणि हे शिकायला काय लागलं? एक स्टूल, खाटेशेजारी ते मावेल एवढी जागा, आणि रात्री तिथे मला कुणी हाकलणार नाही याची खात्री. वॉर्डातल्या मावशीने नंतर चहा दिला, त्याचं श्रेय वेगळं.

आता मुद्द्याचं. मोठ्या नव्या रुग्णालयांच्या नकाशात आजकाल एक 'अ‍ॅकॅडमिक ब्लॉक' असतो. लेक्चर हॉल, सेमिनार रूम, ग्रंथालय, सगळं तिकडे, स्वच्छ आणि एसी लावलेलं. आणि इकडे रुग्णालयाचा टॉवर, ज्यात विद्यार्थ्याचा विचार 'व्हिजिटर' म्हणूनच केलेला. कागदावर हे फार शिस्तीचं दिसतं. प्रत्यक्षात मुलं अ‍ॅकॅडमिक ब्लॉकमध्ये राहतात, कारण वॉर्डात बूड टेकायला जागा नाही, बॅग ठेवायला जागा नाही, पाणी प्यायला खाली यावं लागतं आणि लिफ्टसाठी वीस मिनिटं उभं राहावं लागतं. पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या एंट्रन्सचे क्लास नाहीतरी मोबाईलवर आहेतच. मग ती मुलं हजेरीपुरती वॉर्डात येतात आणि सही करून जातात. आपण त्यांना आळशी म्हणतो. 2019 पासून नव्या अभ्यासक्रमात 'अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर' आलं, पहिल्या वर्षापासून मुलांना पेशंट दाखवायचे. मोअरहेड असते तर म्हणाले असते, यात नवीन काय? पण पहिल्या वर्षाची अडीचशे मुलं वॉर्डात पाठवायची तर ती राहतील कुठे, याचं उत्तर अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. ते बांधकामाच्या नकाशात लिहावं लागेल.

म्हणून विनंती करते. प्रत्येक वॉर्डाला लागून, त्याच मजल्यावर, पंधरा-वीस मुलं बसतील अशी एक खोली ठेवा. फळा, टेबल, एक्स-रे लावायचा दिवा किंवा स्क्रीन, कुलपाचे खण, पिण्याचं पाणी. तिला 'मल्टिपर्पज' म्हणू नका. तसं म्हटलं की सहा महिन्यांत तिथे सलाइनचे खोके रचले जातात, ही सगळ्या सरकारी इमारतींची रीत आहे. दारावर स्पष्ट लिहा, विद्यार्थ्यांची खोली. शिकवण्याच्या वॉर्डांतल्या दोन खाटांमधलं अंतर असं ठेवा की दोन्ही बाजूंनी चार-चार मुलं उभी राहिली तरी पलीकडच्या पेशंटच्या अंगावर रेलणार नाहीत. खाटेभोवती पडदा हवाच, कारण पेशंट म्हणजे प्रदर्शन नव्हे, आणि पडद्याच्या आत कसं बोलायचं हेही मुलांनी शिकायचं असतं.

रात्रपाळीच्या रेसिडेंटसाठी त्याच मजल्यावर विश्रांतीची खोली हवी, बायकांसाठी वेगळी, आतून बंद होणारी, आणि तिथून वॉर्डापर्यंतचा रस्ता उजेडाचा. कोलकात्यात ऑगस्ट 2024 मध्ये रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरवर रुग्णालयातच बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर याचं कारण समजावून सांगायची पाळी कुणावर येऊ नये. वसतिगृहाची मागणी तर 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने राज्यभर इतक्या वेळा केली आहे की मी इथे परत करत नाही. एवढंच म्हणते की नव्या इमारतीचं भूमिपूजन होईल तेव्हा वसतिगृहाचं काम 'फेज दोन'मध्ये ढकलू नका. फेज दोन म्हणजे काय असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

याला पैसे किती लागतील? नव्या इमारतीत जेवढ्याला एक एमआरआय बसतो, त्याच्या तुलनेत या खोल्या चिल्लर आहेत. अडचण पैशांची नसते. चौरस फुटांच्या वाटणीच्या मीटिंगमध्ये प्रत्येक विभागाचा प्रमुख हजर असतो, कंत्राटदार असतो, मशीन विकणारा असतो. विद्यार्थ्यांच्या वतीने तिथे कुणी बसलेलं नसतं. ज्याचा माणूस मीटिंगला नाही, त्याच्या वाट्याला जिन्याखालची जागा.

जुन्या इमारतींविषयी थोडं. नोव्हेंबर 2022 मध्ये डी. एम. पेटिट इमारतीखाली भुयार सापडल्याची बातमी आली. त्या इमारतीची पायाभरणी 1890 मध्ये लॉर्ड रे यांनी केलेली. भुयार सुमारे 200 मीटरचं. दोन दिवस कॅमेरे आले, रिपोर्टर वाकून आत गेले, आमच्या ग्रुपवर इंग्रजांच्या खजिन्यापासून भुतांपर्यंत सगळं झालं. मग शांतता. मला भुयाराबद्दल आकस नाही, पण जमिनीखालच्या पोकळीला जेवढे कॅमेरे आले तेवढे जमिनीवरच्या माणसांना कधी आले? अशा जुन्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या एखाद-दोन खोल्या विद्यार्थ्यांच्या इतिहासाला द्या. पहिल्या आठांची नावं तिथे असू द्या. हेन्री व्हँडाइक कार्टर तिथे असू द्या. जगभरच्या मेडिकलच्या मुलांनी ज्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं गिरवली, ती चित्रं काढणारा हा माणूस 1858 मध्ये मुंबईला आला, ग्रँट कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागला आणि पुढे प्राचार्य झाला, हे आमच्या बॅचच्या अर्ध्या मुलांना पास होईपर्यंत माहीत नव्हतं. सखाराम अर्जुन असू द्या. इथे शिकलेले, इथेच वनस्पतिशास्त्र शिकवणारे, आणि आत्माराम पांडुरंगांसह 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत असलेले. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई त्यांच्याच घरात वाढल्या. जुन्या जर्नल्स, बक्षिसांच्या याद्या, बॅचचे फोटो, कुणाच्या आजोबांचा लाकडी स्टेथोस्कोप हे माजी विद्यार्थी आपण होऊन आणून देतील. कपाटं तेवढी वाळवी न लागणारी द्या. राणीच्या बागेतलं ते वस्तुसंग्रहालय असंच जीर्ण झालं होतं; महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि बजाज फाउंडेशन एकत्र आले, नीट दुरुस्ती झाली आणि 2005 मध्ये तिला युनेस्कोचा सन्मान मिळाला. म्हणजे भायखळ्यात हे होऊ शकतं.

एमबीबीएस मराठीतून करण्याची चर्चा अधूनमधून उठते, म्हणून जाता जाता तेही. ग्रँट कॉलेजात एकोणिसाव्या शतकातच मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग होऊन गेले आहेत, पुढे ते काम पुणे आणि अहमदाबादच्या मेडिकल स्कूलांकडे गेलं. पुस्तकं मराठीत यावीत, जरूर यावीत. पण आज ऑल इंडिया कोट्यातून 15 टक्के मुलं येतात, कुणी बिहारमधून, कुणी केरळातून, आणि ती मराठी शिकतात ती पेशंटकडून, वॉर्डात काम करणाऱ्या मामांकडून, मावशींकडून. आमच्या वर्गातला एक राजस्थानी मुलगा फायनलपर्यंत अशी अस्सल कोकणी वळणाची मराठी बोलायला लागला होता की रत्नागिरीचे पेशंट त्याला गाव विचारायचे. त्याला भाषेचा कुठला वर्ग मिळाला नव्हता. तो वॉर्डात पडीक असायचा. त्या वेळी पडीक असायला वॉर्डाच्या टोकाला एक लाकडी टेबल आणि दोन खुर्च्या होत्या.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. इमारतीचा सांगाडा उभा राहिला तरी आतल्या भिंती, दारं, खोल्यांची वाटणी यांत बदल करायला वाव असतो. ते नकाशे कॉलेजच्या सूचना फलकावर लावा, मजल्यागणिक. थर्ड इयरची दोन मुलं-मुली, इंटर्नपैकी एक, रेसिडेंट्सपैकी एक, नर्सिंगच्या दोघी आणि वॉर्डाची एक सिस्टर-इन्चार्ज अशी सात माणसं एका दुपारी वास्तुविशारदांसमोर बसवा, हातात पेन्सिल देऊन. अडीच-तीन तास पुरतील. ओपीडी संपल्यावर, तीननंतरची वेळ ठेवा; गुरुवार-शुक्रवार शक्यतो टाळा, त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या युनिटची इमर्जन्सी असते आणि रेसिडेंट येणार नाही. त्या बैठकीचं इतिवृत्त विद्यार्थी प्रतिनिधींना द्या. माजी विद्यार्थ्यांकडून खोल्यांच्या फर्निचरसाठी मदत हवी असेल तर तसं पत्र काढा, आमच्या ग्रुपवरचे दोन्ही तट निदान त्यावर एकत्र येतील असा माझा अंदाज आहे.

कळावे,
आपली,
एक माजी विद्यार्थिनी, सध्या कोकणात बालरोगतज्ज्ञ